नासका आंबा आणि उरलेली अढी

इंग्रजी वृत्तपत्रांत एखाद्या पोलीस खात्याचा, बँकेचा किंवा क्रीडा संघटनेचा गैरप्रकार छापून आला, की दोन दिवसांत त्या संस्थेचा प्रवक्ता ठरलेलं वाक्य बोलतो: ही 'अ फ्यू बॅड ॲपल्स'ची करणी, बाकी संस्था निर्मळ आहे. मराठीत ते वाक्य 'काही मोजक्या नासक्या आंब्यांमुळे सगळ्यांना बदनाम करू नका' असं होऊन येतं. वाचणाऱ्याला ते समजल्यासारखं वाटतं आणि तो पुढच्या बातमीकडे वळतो. पण ज्या म्हणीच्या जोरावर हे वाक्य उभं आहे, ती म्हण नेमकं याच्या उलट सांगते. नासकं फळ शेजारच्या फळाला नासवतं, या अर्थाची लॅटिन म्हण मध्ययुगीन युरोपात रूढ होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या स्वयंपाक्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कथेत तिचा उपयोग केला. तिथे एक दुकानदार आपल्या उडाणटप्पू उमेदवाराला काढून टाकतो, कारण साठ्यातलं कुजकं सफरचंद वेळीच बाहेर काढलेलं बरं, हे त्याला आठवतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या आपल्या पंचांगात हीच गोष्ट एका छोट्या ओळीत छापली. या दोन्ही ठिकाणी भर उरलेल्या सफरचंदांवर आहे. एक नासकं निघालं, आता बाकीच्यांचं काय होणार, हा प्रश्न आहे. आजचा प्रवक्ता तीच म्हण घेऊन सांगतो, की एक नासकं निघालं, म्हणजे बाकीची चांगली आहेत.

मराठी वाचकाला हे उलटणं चटकन कळायला हवं, कारण आपल्याकडे सफरचंदाच्या जागी आंबा आणि पिंपाच्या जागी अढी ठेवून तीच म्हण आहे: एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. तिच्या अर्थाबद्दल आजवर कुणाच्या मनात गोंधळ झालेला नाही. तरीही इंग्रजी वाक्याच्या मागून आलेला नासका आंबा आपण उलट अर्थानेच गिळतो. दोन्ही अर्थांचा निवाडा करायचा, तर शब्दकोशापेक्षा पुण्याच्या गुलटेकडीवरचा मार्केट यार्ड जास्त उपयोगी. तिथल्या फळबाजारात सफरचंदही येतं आणि आंबाही, आणि एका नासक्या फळाने उरलेल्या फळांबद्दल काय समजायचं, हा तिथे रोजच्या रोखीचा प्रश्न आहे. हिमाचल आणि काश्मीरच्या सफरचंदांची खोकी गाळ्यावर उघडली जातात. खरेदीदार वरचा थर बघून थांबत नाही. तो खालच्या थरात हात घालतो, एखादं खोकं उपडं करून मागतो, तळाच्या पुठ्ठ्यावर ओल आहे का बघतो. खाली एखादं फळ मऊ पडून गळायला लागलेलं दिसलं, तर तो त्या एका फळाचे पैसे कापून गप्प बसत नाही, सगळ्या खोक्याचा भाव पाडून मागतो. आडते आणि शेतकरी यांना तो भाव टोचतो, पण खरेदीदाराचा हिशेब चुकीचा नसतो. त्याला माल आज दुकानात लावायचा असतो आणि तो दोन-चार दिवस टिकायला हवा असतो. आजचं एक नासकं फळ त्याला परवाच्या दहा फळांची बातमी देतं. 'बाकीचा माल चांगला आहे' हे वाक्य मार्केट यार्डातही ऐकू येतं. ते विकणाऱ्याच्या तोंडी असतं, आणि घेणारा ते त्याच हिशेबाने ऐकतो.

खरेदीदाराच्या या सवयीला विज्ञानाचा आधार आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला बुरशीचा. सफरचंदावर निळसर बुरशी धरते ती पेनिसिलियम एक्स्पान्सम नावाची. सालीला ओरखडा असेल, देठाशी जखम असेल, तिथून ती आत शिरते, आतला गर मऊ करते, आणि तिची बीजं शेजारच्या फळाच्या जखमेची वाट बघत हवेत आणि खोक्यात पसरतात. आंब्यावरच्या करप्याची तऱ्हा आणखी कावेबाज आहे. त्याची लागण बहुधा बागेतच, मोहोर किंवा कोवळी कैरी असताना होते. बुरशी हिरव्या सालीखाली निपचित राहते, आणि फळ पिकू लागलं की काळे डाग घेऊन वर येते. गाळ्यावर पेटी उघडताना एकाच आंब्यावर डाग दिसला, तरी ज्या बागेतून आणि ज्या ओल्या हवेतून तो आला, तिथूनच बाकीचेही आलेले असतात. दुसरा आधार वायूचा. रशियन शास्त्रज्ञ नेल्युबॉव्ह याने १९०१ मध्ये दाखवलं, की दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात ती त्यातल्या इथिलीनमुळे. १९३४ मध्ये ब्रिटिश संशोधक गेन याने सिद्ध केलं, की हाच वायू पिकणारी सफरचंदं स्वतः तयार करतात. जखमी किंवा कुजणारं फळ तो जास्त सोडतं, आणि हवेत त्याचा अत्यल्प अंश असला तरी आंबा, केळी, पपई, चिकू यांसारखी फळं पिकण्याच्या मार्गाला लागतात. लागली की ती स्वतःही इथिलीन सोडू लागतात. एका फळाची घाई सगळ्यांची घाई होते, आणि लवकर पिकलेलं, मऊ झालेलं फळ बुरशीला आयतं सापडतं. म्हणजे म्हण शब्दशः खरी आहे. इतक्या शब्दशः खऱ्या ठरणाऱ्या म्हणी फारशा नसतात.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजी शब्दप्रयोगांच्या पुस्तकांत कमी-अधिक सापडते. आपल्या अढीत मात्र एक गोष्ट आहे, जी सफरचंदाच्या पिंपात नाही. पिंप हे साठवणीचं साधन. फळं त्यात आहेत तशी राहावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अढी लावतात ती आंबे पिकावेत म्हणून. भाताचा पेंढा पसरून त्यावर आंबे मांडले, वर पुन्हा पेंढा घातला, की ऊब आणि वायू आत कोंडला जातो आणि एकाच्या सोबतीने दुसरा पिकतो. आधी तयार झालेला आंबा बाकीच्यांना तयार करतो. बाजारात 'कच्चा हापूस' आणि 'तयार हापूस' असे दोन वेगळे भाव निघतात, त्यांच्यामधला प्रवास हाच. आधुनिक रायपनिंग चेंबरमध्येही तत्त्व तेच आहे, फक्त वायू बाहेरून मोजून सोडला जातो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यासाठी इथिलीनला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी दिली आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडवर २०११ च्या नियमांनुसार बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. म्हणजे अढी पिकवणारी आणि अढी नासवणारी यंत्रणा वेगळ्या नाहीत. फळांचा एकमेकांवर परिणाम होतो म्हणून तर त्यांना एकत्र ठेवायचं. तो परिणाम होत नसता, तर अढी लावण्यात अर्थच नव्हता.

'मोजकी नासकी फळं' म्हणणाऱ्या संस्थेचा युक्तिवाद इथे मोडतो. प्रत्येक संस्था आपल्या चांगल्या माणसांचं श्रेय अढीला देते. आमची परंपरा, आमचे संस्कार, आमच्याकडे तयार झालेले अधिकारी, आमच्या शाळेत घडलेले विद्यार्थी ही भाषा वार्षिक अहवालात आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सढळ हाताने वापरली जाते. सोबतीने माणूस तयार होतो, हे तिथे गृहीत असतं, आणि ते बरोबरही असतं. पण एखादा सापडला की तोच माणूस एकाएकी सुटा आंबा होतो. तो कुणाच्या शेजारी होता, किती दिवस होता, त्याच्या वासाने आणखी कोण मऊ पडलं, हे प्रश्न अप्रस्तुत ठरतात. पिकण्यापुरती अढी आणि नासण्यापुरता सुटा आंबा, असा हा सोयीचा हिशेब आहे. मार्केट यार्डातला कुठलाही खरेदीदार तो मान्य करणार नाही.

म्हण उलटली कशी, याचं उत्तर मला तरी फार गूढ वाटत नाही. १९७१ च्या सुरुवातीला ऑसमंड्स या अमेरिकी भावंडांचं 'वन बॅड ॲपल' हे गाणं तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. एका वाईट अनुभवाने प्रेमावरचा विश्वास उडू देऊ नको, असं त्यात प्रेयसीला विनवलं आहे, आणि त्यासाठी म्हण उघडउघड फिरवली आहे. गाण्याने म्हण बदलली असं म्हणणं जास्तीचं होईल, पण फिरवलेला अर्थ कानाला खटकेनासा होत होता, एवढं त्यावरून दिसतं. खरं कारण घराघरातली फळांची साठवण गेली हे असावं. सफरचंदं पिंपात किंवा तळघरात हिवाळाभर ठेवणाऱ्या माणसाला म्हणीचा दुसरा भाग सांगावा लागत नव्हता. कमी ऑक्सिजनच्या शीतगृहातून आलेली चार सफरचंदं पिशवीतून आणणाऱ्याला एक खराब निघालं तर ते फेकलं की काम संपतं. त्याच्या अनुभवात नासकं फळ खरोखरच एकटं असतं. पुण्यातही अढी आता फार कमी घरांत लागते. आंबा पिकवण्याचं काम चेंबरवाल्याकडे गेलं, तशी म्हणीची राखणही त्याच्याकडेच गेली असं म्हणायला हरकत नाही.

यावर भाषेचा अभ्यासक म्हणेल, की अर्थ बदलतात, त्यात तक्रार कसली? 'साहस' हा शब्द जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यांसाठी होता, मनुस्मृतीच्या अठरा व्यवहारपदांत तो एक आहे. आज आपण शाळकरी मुलांना साहसाबद्दल पदक देतो आणि कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि केवळ जुना अर्थ खरा म्हणून नवा खोटा, असं मी म्हणतही नाही. फरक इतकाच, की साहसाचा जुना अर्थ आता पुरता मावळला आहे. पदक देणाऱ्याला जुन्या अर्थाकडून काही उसनं घ्यायचं नसतं. 'बॅड ॲपल्स'मध्ये दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत, आणि नव्या अर्थाने बोलणारा जुन्या म्हणीचं वजन वापरतो. लोकांना म्हण ओळखीची आहे, शहाणपणाची वाटते, म्हणून तर तो ती उच्चारतो. 'आमच्याकडे काही अपवाद आहेत' असं तो म्हणाला असता, तर कुणीही लगेच विचारलं असतं, की किती आणि कशावरून.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसं म्हणजे फळं नव्हेत. माणसाला विवेक असतो, शेजारी लाच घेत असताना हात मागे ठेवणारी माणसं असतात, आणि इथिलीन काही सचिवालयाच्या हवेत पसरत नाही. हे सगळं मान्य. पण प्रश्न माणूस फळ आहे का हा नसून, सोबतीचा परिणाम होतो का हा आहे, आणि त्याचा पुरावा फळांपासून दूर जाऊनही मिळतो. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातला भ्रष्टाचार त्याच दलातल्या फ्रँक सर्पिको आणि त्याच्या सहकाऱ्याने उघड केला, तेव्हा महापौर जॉन लिंडसे यांनी १९७० मध्ये व्हिटमन नॅप यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १९७२ चा. दलातले वरिष्ठ तोपर्यंत नासक्या सफरचंदाच्या सिद्धान्तावर भिस्त ठेवून होते: एखादा भ्रष्ट पोलीस सापडला, की तो एकटा, त्याला काढला की प्रकरण मिटलं. आयोगाने या सिद्धान्तालाच सुधारणेतला मोठा अडथळा ठरवलं. त्याने भ्रष्ट पोलिसांचे दोन वर्ग केले, मांसखाऊ आणि गवतखाऊ. मोठे व्यवहार शोधत फिरणारे मांसखाऊ थोडे, आणि समोर आलेलं किरकोळ घेणारे गवतखाऊ बहुसंख्य. आयोगाच्या मते खरी अडचण गवतखाऊंची होती, कारण त्यांच्या संख्येमुळेच लाच घेणं हे प्रतिष्ठित वागणं वाटू लागलं होतं आणि गप्प बसणं हा सहकाऱ्यांशी इमानाचा भाग झाला होता. डोळ्यांत भरणारं फळ वेगळंच होतं, ओल दुसरीकडेच होती.

तरीही कुणी म्हणेल, की वाईट माणसं एकत्र आढळतात, कारण ती एकमेकांना शोधत येतात. म्हणजे सोबतीने बिघडली असं नव्हे, बिघडलेलीच सोबतीला आली. आपल्या 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या' या म्हणीला ही शंका शिवतच नाही, कारण तिथे बैल बांधणारा तिसराच असतो. अभ्यासकांना असा तिसरा हवा होता, आणि तो कंपन्यांच्या विलीनीकरणात सापडला. दोन कंपन्या एक झाल्या, की कर्मचाऱ्याला नवा सहकारी निवडता येत नाही, तो दाव्याला आणून बांधलेला असतो. डिमॉक, गेर्केन आणि ग्रॅहम या अर्थशास्त्रज्ञांनी गुंतवणूक सल्लागारांच्या अशा विलीनीकरणांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या शाखांना वेगवेगळे सहकारी लाभले, त्यामुळे तुलना करता आली. पूर्वी गैरवर्तनाची नोंद असलेला सहकारी ज्यांच्या वाट्याला आला, त्या सल्लागारांकडून पुढे गैरवर्तन होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. विवेक असतो हे यातून खोटं ठरत नाही, कारण बहुतेकांनी नंतरही काही वावगं केलं नाही. पण सोबतीचा गुण लागतो, आणि तो मोजता येतो.

मग सगळ्यांनाच दोषी धरायचं का, असं विचारणाऱ्याने मार्केट यार्डातल्याच दोन वेगळ्या नकारांकडे बघावं. मे २०२५ मध्ये तिथल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कस्तानच्या सफरचंदांवर बहिष्कार टाकला. त्या देशाने घेतलेल्या पाकिस्तानधार्जिण्या भूमिकेची ती प्रतिक्रिया होती. बहिष्कार योग्य की अयोग्य हे बाजूला ठेवू. ती सफरचंदं नासकी होती असं मात्र कुणी म्हटलं नाही, ती कुठून आली एवढ्यावरून नाकारली गेली. कुळावरून, गावावरून सरसकट ठरवणं म्हणतात ते असं. खालच्या थरात ओल शोधणारा खरेदीदार यापेक्षा वेगळं काही करत असतो. तो उरलेली फळं नासकी आहेत असं म्हणत नाही, ती तपासल्याशिवाय चांगली धरत नाही. जुनी म्हण एवढंच मागते. तिचा रोख फळांवर नसून अढी परतणाऱ्यावर आहे. चॉसरच्या कथेतही बोध दुकानदाराला आहे, उमेदवाराला नाही. कांद्याची चाळ बांधणारा शेतकरी यापुढे आणखी एक पायरी जातो. खालून आणि बाजूंनी हवा खेळेल अशी फटींची बांधणी तो कांदा भरण्याआधीच करतो, थराची उंची आणि रुंदी बेतात ठेवतो. काही कांदे सडणार हे त्याने धरलेलंच असतं. त्याची धडपड सड पसरू नये यासाठी असते, आणि त्यासाठी तो कांद्याला नव्हे, चाळीला जबाबदार धरतो.

उरतो तो फळांच्या जाणकाराचा आक्षेप: सगळी फळं शेजाऱ्याला नासवत नाहीत. द्राक्षं, डाळिंब, संत्री, मोसंबी ही आंब्यासारखी इथिलीनने पिकत नाहीत. खरं आहे, पण त्यांच्यातही बुरशी एकीकडून दुसरीकडे जाते. संत्र्याच्या पेटीत स्पर्शाने पसरणारी निळी बुरशी व्यापाऱ्यांच्या चांगली ओळखीची आहे. इथे एक जुनी गंमत आठवते. १९१० मध्ये जमैकातल्या कझिन्स नावाच्या अधिकाऱ्याने अहवालात लिहिलं, की संत्र्यांजवळ ठेवलेली केळी जहाजावर अकाली पिकतात, तेव्हा दोन्ही एकत्र पाठवू नयेत. पुढे कळलं, की निरोगी संत्री इतकं इथिलीन सोडतच नाहीत. संत्र्यांवरची हिरवी बुरशी मात्र ते भरपूर सोडते. म्हणजे त्या जहाजावर बहुधा काही संत्री नासलेली होती, आणि त्यांनी दुसऱ्या जातीच्या फळालाही सोडलं नव्हतं.

खरा अपवाद हापूसमध्येच आहे, आणि तो साक्याचा. वरून निर्दोष, सुगंधी दिसणारा आंबा कापला की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर निघतो. हा रोग नव्हे. त्याला बुरशी नाही, बीज नाही, तो शेजारच्या आंब्याला लागत नाही. साका निघालेला आंबा खरोखर एकटा असतो, आणि 'मोजकी नासकी फळं' म्हणणाऱ्याला हवं असलेलं उदाहरण हेच. ते त्याने जरूर घ्यावं, पण मग त्यासोबत येणारं सगळंच घ्यावं लागेल. साका पसरत नसूनही दर हंगामात, बागेमागून बागेत आढळतो, कारण तो हापूस या जातीतच आहे. तापलेल्या जमिनीची झळ आणि झाडावर जास्त दिवस ठेवलेलं फळ त्याला मदत करतात, म्हणून झाडाखाली आच्छादन घालायला आणि फळ वेळीच उतरवायला सांगतात. त्याने साका कमी होतो, जात नाही. पेटीतून साक्याचे आंबे वेचून टाकण्याचा उपाय तर चालतच नाही, कारण ते कापल्याशिवाय कळत नाहीत. कोकणातल्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने शेवटी झाडालाच हात घातला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली, आणि तिच्यात साका नाही.